जुन्या मालिकांच्या चाली एकमेकींसारख्या का वाटतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे, मडगाव इथले पेटी-तबल्याचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि दूरदर्शनचा जुना काळ कान देऊन ऐकलेली मंडळी यांच्याकडून हे प्रश्न येत राहतात. एकच शंका चौघे चार तऱ्हांनी विचारतात, म्हणून सगळ्या एकत्र करून उत्तरं लिहिली आहेत. या प्रश्नांत ‘चोरी’ हा शब्द फार वेळा येतो. माझं मत आधीच सांगतो: बहुतेक साम्य राग, छंद, वादक आणि वाद्यं यांच्या सामायिक साठ्यातून येतं. तो साठा ओळखता आला की ऐकण्याची गोडी वाढते. खरी उचल असते तेव्हा ती वेगळी ओळखू येते. तिच्याबद्दल प्रश्न १४ ते १६ मध्ये लिहिलं आहे.

१. सिग्नेचर ट्यून, शीर्षकगीत आणि जिंगल यांत फरक काय?

सिग्नेचर ट्यून ही वाहिनीची किंवा केंद्राची ओळख, बहुधा शब्दांविना. शीर्षकगीत किंवा शीर्षकसंगीत एका मालिकेचं. जिंगल जाहिरातीची. तिन्ही छोट्या असतात आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत ओळख पटवणं हे तिघींचंही काम. स्वयंपाकघरातल्या माणसाला मालिका सुरू झाल्याचं कळलं पाहिजे. एवढ्या थोड्या जागेत ओळख पटवायची म्हटल्यावर संगीतकार कानाला आधीच रुळलेल्या स्वरसमूहांकडे वळतात. साम्याची निम्मी गोष्ट इथेच सुरू होते.

२. दूरदर्शनची ती फिरत्या गोलांची धून ऐकली की मला ‘सारे जहाँ से अच्छा’ आठवतं. हा माझा भास आहे का?

भास नाही. दूरदर्शनची धून पंडित रविशंकर यांनी शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्यासोबत केली आणि ती १९७६ साली, दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं त्या सुमारास, प्रसारणात आली. ‘सारे जहाँ से अच्छा’ ही इक्बाल यांची १९०४ सालची रचना. पण आज आपण शाळेत, संचलनात ज्या चालीवर ती गातो ती चालही रविशंकर यांचीच, १९४५ सालची. धुनेत त्याच गाण्याची सावली आहे. फक्त लय संथ केली आणि स्वर शहनाईवर लांबवले, त्यामुळे ओळख एकदम पटत नाही. संचलनाच्या चालीतला ठेका काढून घेतला की तिच्यातलं आर्जव वर येतं, आणि रविशंकरांनी नेमकं तेच वर आणलं. हे साम्य मला फार मोलाचं वाटतं. त्यात उचल कुणाची नाही, एका संगीतकाराने आपलीच चाल तीस वर्षांनी नव्याने ऐकली आहे.

३. मग आकाशवाणीची सकाळची धूनही त्यांचीच का?

नाही. ती तिच्याही आधीची, १९३० च्या दशकातली, आणि तिचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. ते प्रागमध्ये शिकलेले ज्यू संगीतकार होते. युरोपातल्या नाझी छळामुळे मुंबईत आले आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. तंबोऱ्यावर व्हायोलिन हा त्या धुनेचा गाभा आहे. वळण शिवरंजनी रागाचं, म्हणजे सा रे कोमल ग प ध या पाच स्वरांचं. पणजी केंद्राच्या सकाळीही हीच धून वाजायची, म्हणून आपल्याकडे अनेकांच्या डोक्यात ती दूरदर्शनच्या धुनेला चिकटलेली आहे. दोन्ही संथ आहेत आणि दोन्ही शब्दांविना, पण स्वर वेगळे.

४. दोन चाली खरोखर सारख्या आहेत हे ठरवायचं कसं? मला फक्त ‘तसं वाटतं’.

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण याला पेटी हवी, वाद नको.

आधी दोन्ही चाली एकाच पट्टीत आणा. एक काळी दोनमध्ये आणि दुसरी पांढरी चारमध्ये ऐकून तुलना करता येत नाही. दोन्हींचा ‘सा’ कुठे आहे तो शोधा आणि सरगम कागदावर लिहा. हे झाल्यावर निम्मी साम्यं तिथेच गळून पडतात, कारण कानाला जे सारखं वाटलं होतं ते वाद्य असतं (प्रश्न ११ पाहा).

सरगम जुळली तर मग मात्रा बघा. तेच चार स्वर एका चालीत समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येतात आणि दुसरीत समेच्या आधी, तर त्या दोन वेगळ्या चाली झाल्या. तबलजीला बरोबर बसवा. हे काम एकट्याने करताना कान फसतो.

त्यानंतर मुक्काम कुठे आहे ते ऐका. चाल कोणत्या स्वरावर थांबते? पंचमावर थांबणारी चाल काहीतरी विचारल्यासारखी वाटते, षड्जावर थांबणारी बोलणं संपवते. सुरुवातीचे पाच स्वर एक असूनही मुक्काम वेगळा असेल तर संगीतकाराचा विचार वेगळा होता असं मी धरतो.

शेवटी, आणि हे बहुतेक जण विसरतात, दुसरी ओळ बघा. शीर्षकगीताची पहिली ओळ कुणाच्याही सारखी असू शकते. चाल वर कशी चढते, अंतरा कोणत्या स्वरावरून उचलला आहे, तिथे संगीतकार स्वतः दिसतो. पहिल्या ओळीसोबत हे वळणही जुळलं, तरच पुढचा संशय घ्यावा.

५. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ ऐकताना आमच्या देवळातली भजनं आठवतात. तिथून घेतलं का?

तिथून घेतलं नाही, पण दोघांची विहीर एकच आहे. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर आलेली ही रचना भैरवी रागात बांधलेली आहे आणि सुरुवात पंडित भीमसेन जोशींच्या आवाजात होते. भैरवीत रे, ग, ध, नि हे चारही स्वर कोमल. भजनाची सांगता भैरवीत करायची रीत आपल्याकडे मुरलेली आहे. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात जो कधी उभा राहिला आहे, त्याच्या कानात हे स्वर आयुष्यभर राहतात. त्यामुळे भैरवीची पहिली लकेर आली की मन आपलं जवळचं गाणं शोधून काढतं.

जाता जाता: ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर १९७७ साली अंतराळात गेलेल्या तबकडीवर भारतातून गायिका केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. त्या आपल्या केरी गावच्या. भैरवीचा विषय निघाला की हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

६. ‘बजे सरगम’ आणि ‘मिले सुर’ एकच नाहीत का? आणि ‘बजे सरगम’ला ‘वंदे मातरम्’चा वास का येतो?

दोन वेगळ्या रचना आहेत. देशभरातले कलाकार एकामागून एक येतात ही मांडणी सारखी असल्याने गोंधळ होतो. ‘बजे सरगम’ देस रागात आहे: चढताना शुद्ध नि, उतरताना कोमल नि. ‘वंदे मातरम्’ची आकाशवाणीवर ऐकू येणारी चालही देसमध्ये. वास येतो तो रागाचा. राग कुणाच्या मालकीचा नसतो; या मुद्द्याचा कायदेशीर भाग प्रश्न १६ मध्ये आहे.

७. सर, माझी मुलगी तिन्हीसांजेला रामरक्षा ‘महाभारत’ मालिकेच्या चालीवर म्हणते आणि ती अगदी चपखल बसते! हे कसं काय?

मुलीचे कान चांगले आहेत. बी. आर. चोप्रांची ‘महाभारत’ मालिका २ ऑक्टोबर १९८८ पासून १९९० च्या जूनपर्यंत चालली. संगीत राजकमल यांचं, शीर्षकाला आवाज महेंद्र कपूर यांचा. त्यात ‘यदा यदा हि धर्मस्य’ हे गीतेतले श्लोक येतात. ते अनुष्टुभ छंदात आहेत: आठ अक्षरांचा एक चरण, असे चार चरण, एकूण बत्तीस अक्षरं. रामरक्षेचा बहुतेक भागही अनुष्टुभ, स्तोत्राच्या सुरुवातीलाच तसं सांगितलेलं आहे. साचा एक असल्यावर एकाची चाल दुसऱ्याला बसणारच.

पण ‘माता रामो मत्पिता रामचंद्रः’ला ती अडखळेल, बघा. तिथे छंद बदलतो आणि चरणात अकरा अक्षरं येतात. मुलीला तिथे थांबवून अक्षरं बोटांवर मोजायला लावा. छंद म्हणजे काय हे एका संध्याकाळीत कळेल.

आपल्या घुमट आरत्यांत (घुमट या वाद्याच्या साथीने म्हणतात त्या) हेच चालतं. चवथीला (गणेश चतुर्थीला) एकाच आरतीचे शब्द एका वाड्यावर (वस्तीत) एका चालीत आणि पलीकडच्या वाड्यावर दुसऱ्या चालीत म्हणतात, आणि एका चालीत चार आरत्याही निघतात. घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांच्या ठेक्यात अक्षरांचा साचा बसला की झालं. अभंगाचं तसंच: सहा, सहा, सहा, चार अक्षरांच्या एका अभंगाची चाल त्याच साच्याच्या दुसऱ्या अभंगाला लावता येते.

इंग्रजीतही हा प्रकार आहे. ‘गिलिगन्स आयलंड’ या १९६४ सालच्या अमेरिकन मालिकेचं शीर्षकगीत ‘अमेझिंग ग्रेस’ या प्रार्थनेच्या चालीवर पूर्ण म्हणता येतं. दोन्हींच्या ओळींत साधारण आठ, सहा, आठ, सहा शब्दावयवांचा (सिलेबल्सचा) क्रम आहे. तिथले संगीत शिक्षक वर्गात हे करून दाखवतात.

८. ‘मालगुडी डेज’ आणि ‘सुरभि’ यांच्या संगीतात काहीतरी एक घरचं आहे असं वाटतं. बरोबर आहे का?

शब्दशः एक घरचं आहे. शंकर नाग दिग्दर्शित ‘मालगुडी डेज’चं संगीत एल. वैद्यनाथन यांचं, ‘सुरभि’चं शीर्षकसंगीत डॉ. एल. सुब्रमण्यम यांचं. दोघे सख्खे भाऊ, तिसरे भाऊ एल. शंकर, आणि तिघांनाही व्हायोलिन शिकवलं ते वडील व्ही. लक्ष्मीनारायण यांनी. कर्नाटक पद्धतीत व्हायोलिन मांडी घालून, वाद्याचं टोक पावलाशी टेकवून वाजवतात. डावा हात मोकळा राहतो आणि स्वर आंदोलत एकातून दुसऱ्यात सरकतो. ती गमकं दोन्हीकडे ऐकू येतात. चालींची सरगम लिहून बघितली तर मात्र त्या वेगळ्या निघतात. ‘मालगुडी’ची चाल कुणीही गुणगुणू शकेल अशी, गावातल्या पोराच्या चालण्यासारखी हलकी; ‘सुरभि’ची जास्त भरलेली.

९. ‘गोट्या’, ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’… सगळी शीर्षकगीतं एकाच माणसाची वाटतात.

आहेतच. तिन्ही अशोक पत्की यांची. ‘मिले सुर’ची चालही त्यांचीच, संयोजन लुई बँक्स यांचं. पत्कींनी जिंगल्स भरपूर केल्या. थोडक्या वेळात कान पकडण्याची ती तालीम त्यांच्या शीर्षकगीतांत दिसते: पहिली ओळ कुणालाही म्हणता येईल अशी, आणि दुसऱ्या ओळीत सुगम संगीताची एक अवघड जागा. एका संगीतकाराच्या दोन चाली एकमेकींसारख्या वाटल्या तर त्याला शैली म्हणावं. गोंयकारांसाठी (गोवेकरांसाठी) आणखी एक गोष्ट: पत्कींना संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटासाठी.

१०. मग संगीतकार एक असला की साम्य असणारच?

नाही, आणि वनराज भाटिया हे त्याचं मोठं उदाहरण. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’चं (१९८८) शीर्षक ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तावर आधारलेलं. समूहस्वर, खर्ज, काळोखातून काहीतरी आकार घेतंय असा परिणाम. आता त्याच भाटियांनी त्याच बेनेगलांच्या ‘त्रिकाल’ला दिलेलं संगीत ऐका. चित्रपट १९८५ सालचा, चित्रीकरण लोटलीच्या एका जुन्या घरात, गाण्यांत रेमो फर्नांडिस. त्यात मांडो आणि दुलपद या गीतप्रकारांचा आपला गोंयकारी बाज आहे. दोन्ही एका माणसाने केलं असं सांगितल्याशिवाय कळणार नाही. लंडनच्या रॉयल अकादमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकलेला हा माणूस प्रत्येक विषयाला त्याची वेगळी भाषा देत असे. त्यांच्या कामाची आपल्याकडे पुरेशी दखल घेतली गेली नाही असं मला वाटतं.

११. चाल वेगळी, राग वेगळा, संगीतकार वेगळा, तरी ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या मालिका सारख्या वाटतात. का?

वाद्यामुळे. यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ साली आला आणि जगभरच्या स्टुडिओंत पोचला. त्यात नवे आवाज बनवणं किचकट होतं, म्हणून बहुतेक जण कारखान्यातून भरून आलेलेच आवाज वापरत: काचेसारखा लखलखणारा इलेक्ट्रिक पियानो, घंटा, टणक बेस. तोच पियानो पोलिसांच्या मालिकेत आणि कौटुंबिक मालिकेतही वाजू लागला. कान आधी आवाजाचा पोत ओळखतो आणि स्वर नंतर.

दुसरं कारण घरातला टीव्ही. त्याचा स्पीकर लहान असायचा, खर्ज जवळजवळ ऐकूच यायचा नाही. मग बासरी, सतार, शहनाई, व्हायोलिन अशा उंच, स्पष्ट आवाजांवर भर देणं भाग होतं. जुनी ध्वनिमुद्रणं आज चांगल्या हेडफोनवर ऐकून बघा. ज्या दोन चाली तुम्हाला जुळ्या वाटत होत्या, त्यांच्या तळाशी अगदी वेगळं काही चाललेलं ऐकू येईल.

१२. यात गोव्याच्या वादकांचा काही हात होता का? माझे आजोबा मुंबईत व्हायोलिन वाजवत.

फार मोठा हात होता, आणि तुमच्या आजोबांची वही घरात असेल तर कृपा करून ती जपा.

पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन वाचायला, व्हायोलिन आणि पितळी वाद्यं वाजवायला शिकवत. तिथून तयार झालेले वादक मुंबईला गेले, आधी हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि मग सिनेमाच्या स्टुडिओंत. हिंदी संगीतकार चाल पेटीवर सुचवायचे. ती कागदावर उतरवून वीस-तीस वाद्यांना वाटून देणारा अरेंजर पुष्कळदा गोंयकार असायचा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांचं संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा, हळदोण्याचे चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही त्यातली ठळक नावं. संगीतकार प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे गोन्साल्विस यांच्याकडे गिरवले, आणि ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या प्रसिद्ध गाण्यातलं नाव त्यांच्यावरूनच आलं.

टीव्ही आला तेव्हा संगीतकार सिनेमातूनच आले. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’ला अनिल बिस्वास, ‘रामायण’ला (१९८७) रवींद्र जैन, ‘नुक्कड’ला कुलदीप सिंग. त्यांच्याबरोबर सिनेमाच्या सवयीही आल्या: गाण्याआधीचा व्हायोलिनचा भरगच्च झेप घेणारा तुकडा, दोन ओळींमधली बासरीची जागा, शेवटी सगळी वाद्यं एकत्र. हे व्याकरण ज्यांनी रचलं त्यांत आपली माणसं होती. श्रेयनामावलीत त्यांची नावं क्वचितच आली. जुन्या मालिका एकमेकींसारख्या वाटतात तेव्हा अनेकदा आपण या अनाम हातांची सवय ऐकत असतो. मला वाटतं या विषयात सगळ्यात आधी नोंदवून ठेवायला हवं ते हेच.

१३. ‘मिशन इम्पॉसिबल’ झपतालात आहे असं तबल्याच्या क्लासमध्ये ऐकलं. खरं का? आणि हेरांच्या सगळ्याच मालिकांची धून एकसारखी का?

मात्रा जुळतात, विभाग जुळत नाहीत. लालो शिफ्रिन यांची १९६६ सालची ती धून पाचाच्या लयीत आहे. दुप्पट करून मोजली तर दहा, झपतालाइतक्याच. पण तिचे तुकडे तीन-तीन-दोन-दोन असे पडतात, झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन. ‘धी ना धी धी ना’ लावून बघा, तिसऱ्या मात्रेलाच खटका बसेल. दोन लांब आणि दोन आखूड ठोके मोर्सच्या लिपीत एम आणि आय होतात, ही त्यातली आणखी एक गंमत.

हेरकथांचं म्हणाल तर त्यांची एक ठरलेली युक्ती आहे: खाली एक आवर्तन सतत फिरत ठेवायचं आणि त्यात प, कोमल ध, शुद्ध ध, पुन्हा कोमल ध असं अर्ध्या स्वराने सरकायचं. १९६२ च्या पहिल्या जेम्स बाँडपटानंतर हे सरकणं म्हणजेच ‘कुणीतरी दबा धरून बसलंय’ असा अर्थ झाला आणि पुढे सगळ्यांनी तो वापरला.

१४. एवढं सगळं ‘साठ्यातलं’ आहे, तर खरोखरचं भांडण कधी झालं का?

झालं. ‘ड्रॅगनेट’ ही पोलीसकथांची अमेरिकन मालिका, आधी रेडिओवर आणि १९५१ पासून टीव्हीवर. तिची सुरुवात चार स्वरांची: सा, रे, कोमल ग, सा. संगीतकार वॉल्टर शूमान. हेच स्वर, याच ठेक्यात, मिक्लोश रोझा यांनी १९४६ च्या ‘द किलर्स’ या चित्रपटाच्या संगीतात वापरलेले होते. प्रकरण वकिलांकडे गेलं आणि तडजोडीत रोझा यांना श्रेयात वाटा मिळाला.

चार स्वर तर कुणालाही सुचतील, मग इथे वाटा का? कारण इथे स्वरांसोबत ठेका, पितळी वाद्यांचा जोर आणि गुन्हेगारीची चाहूल देण्याचा उपयोग, सगळंच जुळत होतं. प्रश्न ४ मधल्या कसोट्या लावून बघा, बहुतेक लागू पडतात.

१५. परदेशी मालिकांत चक्क जुन्या सिम्फनीचे तुकडे असतात. ती चोरी नाही का?

नाही, कारण ते उघडपणे वापरलेले असतात आणि त्यांचा हक्क संपलेला असतो. ‘द लोन रेंजर’ला रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ची सुरावट, ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ला (१९५५) गुनो यांची कळसूत्री बाहुलीची अंत्ययात्रा, ‘माँटी पायथन’ला (१९६९) सूझा यांचं १८९३ सालचं ‘लिबर्टी बेल’ हे बँडचं संचलनगीत. युरोपातल्या वाहिन्यांच्या एकत्रित प्रसारणाची युरोव्हिजनची धूनसुद्धा शार्पांतिये यांच्या सतराव्या शतकातल्या ‘ते देउम’ची.

यातला अपवाद ‘द ट्वायलाइट झोन’. पहिल्या वर्षी बर्नार्ड हरमन यांचं संगीत होतं. नंतर आलेली ती टोचणारी गिटारची धून मारियस कॉन्स्टंट यांची. तिचं वैशिष्ट्य असं की त्यांनी ती सलग रचलीच नव्हती. तयार संगीत-तुकड्यांच्या साठ्यासाठी (म्युझिक लायब्ररीसाठी) केलेले दोन वेगळे तुकडे नंतर जोडले गेले. अशा साठ्यातला तुकडा पैसे भरून कुणीही घेऊ शकतो. त्यामुळे दोन कार्यक्रमांत अगदी तोच तुकडा ऐकू आला तर आधी ही शक्यता तपासा.

१६. किती सूर उचलले तर गुन्हा? ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ असं सगळे म्हणतात.

असा कुठलाही नियम भारतीय कायद्यात नाही. सात सेकंद नाही, चार मात्रा नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सांगीतिक कृतीला संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. राग, ताल, छंद यांना नाही; त्यातून बांधलेल्या विशिष्ट रचनेला आहे.

उचललेला भाग किती लांब यापेक्षा तो किती महत्त्वाचा हे बघितलं जातं. २००८ साली राम संपत यांनी आपल्या जाहिरातीच्या जिंगलचा तुकडा ‘क्रेझी ४’ चित्रपटाच्या गाण्यांत वापरल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तुकडा लहानच होता, पण जिंगलची ओळख त्यातच होती, आणि न्यायालयाने संपत यांच्या बाजूने आदेश दिला. पुढे तडजोड झाली. शीर्षकसंगीताला हे थेट लागू पडतं, कारण शीर्षकसंगीत म्हणजे जवळजवळ सगळीच ओळख.

१७. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी कायदा आहे. मग इथे कॉपीराइटचे नियम वेगळे का?

वेगळे नाहीत. तो कायदा विवाह, वारसा, कुटुंबाची मालमत्ता अशा बाबींपुरता. कॉपीराइट कायदा केंद्राचा आणि सगळीकडे एकच.

१८. आम्ही चवथीच्या आरतीला जुन्या मालिकेची चाल लावली. कुणी हरकत घेऊ शकतं का?

घरच्या किंवा देवळातल्या खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत संगीत सादर करणं हे उल्लंघन धरलं जात नाही, कायद्याच्या कलम ५२ मध्ये तशी सूट आहे. लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभही त्यात येतात. तिकीट लावून केलेली मैफल किंवा त्या चालीवरची आरती ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध करणं ही वेगळी बाब, तिथे परवानगी हवी. शब्द तुमचे असले तरी चाल दुसऱ्याची आहे.

एक वैयक्तिक मत: घुमट आरतीच्या इतक्या जुन्या चाली म्हाताऱ्या माणसांबरोबर चालल्या आहेत की मालिकेची चाल लावण्याआधी वाड्यावरच्या एखाद्या आजोबांना त्यांची चाल विचारावी.

१९. लहानपणी ऐकलेली एक धून डोक्यात आहे, मालिकेचं नाव आठवत नाही. तुम्ही ओळखाल का?

प्रयत्न नक्की करतो. गुणगुणून पाठवा, पण आधी कुठलीही जुनी मालिका ऐकू नका, नाहीतर दोन चाली डोक्यात मिसळतात. कार्यक्रम आठवड्याच्या कुठल्या वारी लागायचा, सकाळी की रात्री, मराठी की हिंदी, चित्र काळं-पांढरं होतं की रंगीत (दूरदर्शनवर रंग १९८२ साली आला), आणि पहिलं वाद्य कोणतं ऐकू यायचं, एवढं सोबत लिहा. सरगम लिहिता येत असेल तर फारच उत्तम. घरी जुनी कॅसेट सापडली तर ती पटकन लावून बघू नका. बरीच वर्षं पडून राहिलेली फीत चिकटते आणि तुटते. ओळखीच्या ध्वनिमुद्रकाकडून आधी ती तपासून घ्या आणि पहिल्यांदा वाजतानाच तिची डिजिटल प्रत करा.